हार घालण्याजोगा माणूस

महाराष्ट्रात प्रतिमापूजनाशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही. माइक बंद पडला तरी चालतं, सकाळचे पाहुणे संध्याकाळी आले तरी चालतं, पण टेबलावर हार घातलेली तसबीर नसेल तर सूत्रसंचालकाची दातखीळ बसते. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याचा माझ्या धंद्याशी काही संबंध येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

धंदा म्हणजे सांगलीत, विश्रामबागेत, दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि मी, अवधूत. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. नव्याण्णव साली मी इंटरनेट घेतलं आणि दारावर तशी पाटी लावली. तेव्हापासून लोक मला वाटेल ते विचारायला लागले. एकानं हळदीचा उद्याचा भाव विचारला, दुसऱ्यानं भाचीसाठी स्थळ. मी मुळातला चिडका माणूस. चार लोकांत मिसळून स्वभाव सुधारेल अशी घरच्यांना आशा होती, ती त्यांनी त्याच वर्षी सोडली.

त्या पावसाळ्यात प्रशांत आला. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. आता तो माण तालुक्यात, स्वतःच्याच गावातल्या हायस्कुलात मास्तर होता. खुर्चीत टेकल्या टेकल्या म्हणाला, "अवध्या, मला बाप पायजे."

"कुणाचा?"

"माझाच रं. फोटोतला."

हकीकत अशी होती. प्रशांतचे वडील जोतिबा मेंढपाळ. गावात हायस्कूल नव्हतं तेव्हा त्यांनी माळावरची आपली जमीन शाळेला दिली. तेवढी एकच जमीन त्यांच्याकडे होती. मेंढरं काय, चालती जनावरं, कुठंही चरतील, पोरांना मात्र बसायला जागा लागते, असं त्यांचं म्हणणं. पुढं थोड्याच वर्षांत ते तापानं गेले. प्रशांत तेव्हा रांगत होता. आता शाळेचं नवं सभागृह बांधून झालं होतं आणि त्याला जोतिबांचं नाव द्यायचं गावच्या सभेत ठरलं होतं.

शाळा समितीचे अध्यक्ष धोंडिरामबापू. त्यांना ते नाव मनातून नको होतं, कारण त्यांचेही वडील वारलेले होते. पण बापू कधी कुणाला नाही म्हणत नाहीत. ते भर सभेत म्हणाले, "नाव जोतिबाचंच देऊ, माझी काय बी हरकत न्हाई. पण दिवाळीनंतर उद्घाटन हाय. पाव्हण्यांनी हार घालायचा कशाला? फोटू आणा. न्हाईच मिळाला, तर आमच्या अण्णांचा हायच. मोठा, फ्रेमसकट."

सभेला ते पटलं. फोटो नाही तर पूजन नाही, पूजन नाही तर नाव कसं देणार, यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही.

आणि जोतिबांचा फोटो नव्हता. एकही नव्हता. एकदा यात्रेत फोटोवाल्याच्या पडद्यापुढं ते उभे राहिले होते म्हणे. पडद्यावर विमान काढलेलं होतं. त्यांचं कुत्रं त्या विमानावर भुंकायला लागलं, तसे ते कुत्र्याला घेऊन निघून गेले. संपूर्ण आयुष्यातला फोटोशी आलेला संबंध एवढाच.

प्रशांतनं हातपाय हलवले नव्हते असं नाही. साताऱ्याला राजवाड्याजवळच्या एका पेंटरकडं आईला नेलं. आईनं वर्णन सांगितलं, पेंटरनं मान हलवत ऐकून घेतलं. पण त्याची सगळी हयात निवडणुकीतले पुढारी रंगवण्यात गेलेली. चित्र झालं ते पागोटं घातलेल्या आमदाराचं झालं. मग प्रशांत चुलत्याकडं गेला. चुलता हुबेहूब भावासारखा. तुमचाच फोटो काढून लावतो म्हटल्यावर चुलता काठी घेऊन उठला. "जित्या माणसाला हार घालतोस व्हय रं? माझ्या मरणावर टपलायस?" त्या दिवसापासून चुलत्यानं बोलणं टाकलं होतं.

मी पोट धरून हसलो. चुलत्याच्या त्या बोलण्यात पुढचं सगळं आलेलं होतं, पण ते ऐकूनही मी नुसता हसलो.

"आता तूच बघ गड्या," प्रशांत म्हणाला. "इंटरनेटवर माणसांचे फोटो इकत मिळत्यात म्हणं."

मिळत होते. परदेशात अशा कंपन्याच होत्या. डोंगर, हत्ती, हसणारी कुटुंबं, हात मिळवणारे साहेब, सगळ्यांचे फोटो काढून ठेवलेले. आपण निवडायचा, पैसे भरायचे आणि अहवालावर नाहीतर जाहिरातीवर छापायचा. पैसे भरायला क्रेडिट कार्ड लागायचं. ते आमच्या गल्लीतल्या एका डॉक्टरांकडं होतं, आणि कुणीतरी ते एकदा वापरायला सांगावं म्हणून डॉक्टर आतुर होते. प्रश्न होता तो फोटो कुठल्या कंपनीकडून घ्यायचा हा.

पहिली कंपनी अमेरिकेतली. 'इंडियन शेफर्ड' असं टाकल्यावर तिनं डोक्याला पिसं लावलेले तिकडचेच इंडियन दाखवले. मग 'पागोटं घातलेला भारतीय म्हातारा' असं जमेल तसं इंग्रजीत टाकलं. त्या काळी फोटो वरून खाली, पट्टी पट्टीनं उतरायचा. आधी पागोटं यायचं, मग कपाळ. पागोट्यापर्यंत प्रत्येक वेळी प्रशांत पुढं सरकून बसायचा. कपाळ उतरेपर्यंत चहा व्हायचा. नंतर मिशा यायच्या आणि त्या राजस्थानातल्या निघायच्या. त्या कंपनीतली बाकीची माणसं सगळी दात दाखवून हसत होती. हसणाऱ्या माणसाचं प्रतिमापूजन कसं करायचं? ती कंपनी आम्ही सोडली.

दुसरी लंडनची. तिची माणसं गंभीर होती, पण ती चौकशा फार करायची. फोटो कुठल्या देशात लावणार, किती मोठा लावणार, किती वर्षं लावणार. मी प्रशांतकडं बघितलं. तो म्हणाला, "कायम." कायम असा पर्याय त्या यादीत नव्हता. जास्तीत जास्त दहा वर्षं.

"म्हंजे धा वर्षांनी वडलांना उतरवायचं?"

"किंवा पुन्हा पैसे भरायचे."

ती कंपनीही सोडली. भाड्यानं बाप घेणं प्रशांतच्या जिवावर आलं होतं.

तिसरी कंपनी सरळ वागणारी होती. एकदा पैसे भरा, फोटो कायमचा वापरा. तिच्याकडं एक माणूस सापडला. चाळिशी उलटलेला, पांढरं पागोटं, खांद्यावर घोंगडी, उन्हात डोळे बारीक करून लांब कुठंतरी बघणारा. तो पूर्ण उतरल्यावर प्रशांतनं खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाला, "ह्याचा एक कागद काढ." मी प्रिंट काढून दिली. त्यानं ती घडी न घालता, दोन वह्यांच्या मधे ठेवली.

माझं काम मी चोख केलं होतं. तीन ठिकाणं बघून, अटी वाचून निवड केली होती. आता फक्त आईचा होकार हवा होता.

प्रशांतची आई, मुक्ताबाई, तेव्हा साताऱ्यात गोडोलीला थोरल्या लेकीकडं, साळूबाईकडं होत्या. मोतीबिंदू काढला होता. आम्ही एसटीनं गेलो. मुक्ताबाईंनी हिरवा चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद उजेडात धरला. प्रशांतचे कान लाल झाले होते.

"नाक तसंच हाय," त्या म्हणाल्या. "बघायची तऱ्हा बी तशीच. मेंढरू लांब गेलं की आसंच बघायचं." कागदावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग माझ्याकडं वळून विचारलं, "ह्यो जिता हाय का मेलेला?"

मी म्हटलं, "मावशी, ते कसं कळणार?"

"मग घेतलास कसा?"

"अजून घेतला नाही."

"बरं झालं. ह्याला बायको आसंल. आपुन हितं हार घालायचा आन् तिकडं तिचं कुंकू पुसायचं? आसलं पाप मला नगं."

मी समजूत घातली. हा माणूस कोण, कुठला, त्याला माणमधला हार कळणारही नाही. मुक्ताबाई म्हणाल्या, "त्याला न्हाई कळायचं. हाराला कळतंय न्हवं?" साळूबाईनं मान डोलावली. पदवीधर आणि सरकारी पगारी असलेल्या प्रशांतनंही डोलावली. तेव्हा मला त्याचा चुलता आठवला, आणि आपण तेव्हा उगाच हसलो हेही कळलं.

सांगलीला परत येऊन मी तिन्ही कंपन्या नव्यानं तपासल्या. आता कसोटी एकच होती: माणूस वारलेला पाहिजे. कंपन्यांनी माणसांची वर्गवारी फार बारीक केली होती. वय, लिंग, घरात की बाहेर, फोटो उभा की आडवा. वारलेला की हयात असा रकाना कुणाकडंच नव्हता. शेवटी मी तिसऱ्या कंपनीला ईमेल केली की तुमचा अमुक क्रमांकाचा माणूस आम्हाला पसंत आहे, तो मयत असल्याचं कृपया कळवावं, म्हणजे लगेच पैसे भरतो.

दोन दिवसांनी सुझन नावाच्या बाईचं उत्तर आलं. प्रश्न नीट समजला नाही, म्हणाली. मी पुन्हा लिहिलं: तो जिवंत असेल तर आम्हाला चालणार नाही. त्यावर तिनं विचारलं की तुमचा या गृहस्थांशी काही वाद आहे का. मग मात्र मी बसून सगळं लिहिलं. जोतिबा, माळ, सभागृह, हार, कुंकू. माझ्या इंग्रजीत ते जितकं आलं तितकं. सुझन म्हणाली, फोटोग्राफर प्रवासात आहे, त्याला विचारून कळवते. आणि गप्प झाली.

दिवाळी जवळ येत होती. बापूंनी अण्णांची फ्रेम पॉलिश करायला दिल्याची बातमी प्रशांतनं आणली. आणि मग मला एक चौथं ठिकाण सापडलं. जुन्या, इंग्रजांच्या काळातल्या फोटोंचा संग्रह. त्यात शंभर वर्षांपूर्वीचा दख्खनचा मेंढपाळ होता, काठी, घोंगडी, सगळं जिथल्या तिथं. त्यातला एकही माणूस हयात असणं शक्यच नव्हतं. मी खुशीत प्रिंट काढली आणि प्रशांतला घेऊन पुन्हा सातारा गाठला.

मुक्ताबाईंनी कागद बघितला. "ह्यो मेला. खरं हाय."

"शंभर टक्के, मावशी."

"मग ह्याची पोरंबाळं कुठं हायती? त्याला कोण पान वाढतंय? त्याला कोण वाढत नसंल आन् आपुन हार घातला, तर ह्यो आपल्याच घरात येऊन बसायचा. दुसऱ्याचा पित्तर घरात घ्यायचा व्हय?"

माझा संयम मुळात थोडा. "अहो, जिवंत चालत नाही, मेलेला चालत नाही! मग कसला माणूस पाहिजे तुम्हाला?"

"माझा पायजे," मुक्ताबाई म्हणाल्या.

त्या रागावल्या नव्हत्या. दुकानात कुणी काय हवं विचारल्यावर सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मला फार वाईट वाटलं. प्रशांत खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. साळूबाई चहा ठेवायला आत गेली, आणि मुक्ताबाई पूजेला उठल्या, कारण माझ्या ओरडण्यात त्यांच्या पूजेची वेळ टळत होती.

देव त्यांनी गावाहून बरोबर आणले होते. घर बंद ठेवून देवांना उपाशी ठेवायचं नाही म्हणून एका पितळी डब्यात घालून. ताम्हनात त्या एकेक देव ठेवायला लागल्या. त्यात बोटभर लांबीचा एक चांदीचा पत्रा होता, त्यावर ठोकून उठवलेला माणूस. घरातलं माणूस गेलं की असा टाक करून देव्हाऱ्यात ठेवतात हे मला ऐकून माहीत होतं.

"हे कोण?" मी विचारलं.

"ह्येच की त्ये. आमचं."

मी वाकून बघितलं. डोळ्यांचे दोन ठिपके, पागोट्याची एक कमान, हातात तलवार.

"जोतिबांकडं तलवार होती?"

"न्हाई बा. काठी हुती."

"मग?"

"सोनाराकडं काठीचा ठसा नव्हता. त्यानं डबा म्होरं केला. एक घोड्यावरचा, एक जोडीचा, एक तलवारीचा. घोडा आमच्यात कवा नव्हता. जोडीचा घ्यावा तर मी जिती. मग ह्यो ऱ्हायला."

"आणि चेहरा?"

"चेहरा समद्यांचा योकच आसतोय. जेजुरीला न्हेला, देवाला भेटवला, तवापासनं ह्यो त्येंचा. रोज धुती, बोलती. तीस वर्सं होत आली. त्यो आता दुसऱ्या कुणाचा व्हईल का?"

मी खाली बसलो. तिथं माझ्यासमोर तीन कंपन्यांच्या अटी, आकार, वर्षं, सगळं मोडीत निघालं होतं. या बाईनं तीस वर्षांपूर्वी सोनाराच्या डब्यातून तयार माणूस निवडला होता, माझ्यासारखाच, नाही ते वगळत वगळत. फरक इतकाच की नंतर ती त्याच्याशी रोज बोलली होती.

प्रशांत खिडकीपासून वळला होता. आमच्या दोघांच्या मनात एकदमच आलं, पण विचारलं मी. "मावशी, ह्यांचा फोटो काढला तर?"

"हार घालता यील?"

"तुम्हीच सांगा."

"त्येला तर रोजच फूल घालती की," त्या म्हणाल्या.

टाक एकटा पाठवायला त्या तयार नव्हत्या. डबा मांडीवर घेऊन स्वतः सांगलीला आल्या. स्कॅनरची काच त्यांनी पदरानं पुसली, यंत्राला हळदकुंकू लावलं, माझ्याकडून नारळ आणवला आणि मग जोतिबांना काचेवर ठेवलं. झाकण मात्र लावू दिलं नाही. पडद्यावर वरून खाली, पट्टी पट्टीनं टाक उतरायला लागला. आधी पागोटं, मग कपाळ. प्रशांत पुढं सरकून बसला. चिंचेनं घासून घासून चेहरा बराच झिजला होता आणि त्या झिजण्यानं ओठांची रेघ एका बाजूला वर गेली होती. मोठा केल्यावर जोतिबा किंचित हसत होते. हसणाऱ्या माणसाचं पूजन कसं करायचं हा प्रश्न कुणीही काढला नाही.

फ्रेम घेऊन आम्ही समितीपुढं गेलो. बापूंनी ती बघितली आणि कधी नव्हे ते नाही म्हणायची तयारी केली. "मास्तर, ह्यो काय फोटू न्हवं. ह्यो जोतिबा कशावरनं?"

मुक्ताबाई म्हणाल्या, "बापू, तुमच्या देव्हाऱ्यात तुमचा आजा हाय न्हवं?"

"हाय की."

"तलवारीचा?"

बापू थांबले. त्यांनी फ्रेमकडं पुन्हा बघितलं. तीच कमान, तेच ठिपके, तीच तलवार. गावाचा सोनार एकच होता आणि त्याचा डबाही एकच होता. हा जोतिबा नव्हे असं म्हटलं, तर घरात रोज पूजा होते तो आपला आजाही आजा नव्हे असं म्हणावं लागणार होतं. मग ते उठले, चपला काढल्या, आणि फ्रेमला हात लावून तो हात कपाळाला लावला.

उद्घाटनाला मी मुद्दाम गेलो. पाहुण्यांनी हार घातला, सूत्रसंचालकाची दातखीळ उघडली. मग मागच्या सतरंजीवरच्या म्हाताऱ्या बाया एकेक करून पुढं यायला लागल्या. कार्यक्रमपत्रिकेत ते नव्हतं. प्रत्येक बाई फ्रेमपुढं वाकायची, पदर सावरायची, काहीतरी पुटपुटायची आणि जागेवर जाऊन बसायची. त्यातल्या बहुतेकींच्या घरी तोच ठसा होता. भाषणं लांबली, पण त्यांना कुणी थांबवलं नाही. माझे डोळे भरून आले आणि ते मी कुणापासून लपवलं नाही. सभागृहावर नाव जोतिबांचं लागलं.

हिवाळ्यात, मी विसरून गेलो असताना, सुझनचं उत्तर आलं. फोटोग्राफर परतला होता. पांढऱ्या पागोट्याचे गृहस्थ हयात आहेत, त्यांची तब्येत चांगली आहे, पत्नीही आहे, या बातमीनं तुमची निराशा होणार याचं मला वाईट वाटतं, असं तिनं लिहिलं होतं. मी ते छापून घेतलं आणि पुढच्या रविवारी प्रशांतच्या गावी जाऊन मुक्ताबाईंना मराठीत वाचून दाखवलं.

त्यांनी हात जोडले. "त्याच्या बायकूला कळीव बाबा. म्हणावं, आमी हार घातला न्हाई. तुझं कुंकू हाय तसं हाय."

मी लिहितो म्हणालो. मग त्यांनी प्रशांतकडं बघितलं. "आन् तू त्यो कागद वहीतनं काढ. मला ठावं हाय तू ठेवलाय."

प्रशांतनं कपाटातनं वही आणली. त्यात ती प्रिंट होती, अजून घडी न घातलेली. आईपुढं चोरी पकडल्यासारखा तो उभा राहिला.

मुक्ताबाईंनी कागद हातात घेतला, बाहेर उजेडात नेऊन बघितला आणि परत त्याच्या हातात दिला.

"जिता हाय म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "मग लाव की भितीला. फकस्त हार घालू नगंस."